साथ, वॉर्ड आणि सभागृह



२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीत एका सदस्यानं सांगितलं की मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आहेत. ते सदस्य म्हणजे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मांडवीत दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि त्याच शहराचे नगरसेवक. नवरोजी हिलच्या परिसरातल्या कोंदट खोल्यांत जाऊन त्यांनी स्वतः रोगी तपासले होते. प्रशासनाला प्लेग हा शब्द नको होता, कारण त्यानं बंदर बसतं, व्यापार बसतो, परदेशी बंदरांत मुंबईची जहाजं अडवली जातात. निदानाची खातरजमा करायला सरकारनं जीवाणुतज्ज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावलं आणि व्हिएगस यांचं म्हणणं खरं ठरलं.

साथ आली आहे ही बातमी शहराला प्रशासनाकडून मिळाली नाही, ती लोकप्रतिनिधीकडून मिळाली. वस्तीत फिरणारा माणूस सभागृहात बसत होता, म्हणून मिळाली. आज आपल्यापुढचा प्रश्न मार्च २०२० नंतरच्या दोन वर्षांचा आहे. कोविडच्या काळात मुंबई महापालिकेनं जी धोरणं राबवली, त्यांचं मूल्यमापन कसं करायचं? स्थानिक स्वराज्य संस्थेला दोन अंगं असतात, प्रशासन आणि सभागृह. माझं म्हणणं थोडक्यात असं की मुंबईत प्रशासन वॉर्डापर्यंत खाली उतरलं तेव्हा त्यानं मोठं काम केलं. सभागृह मात्र बाजूला ठेवलं गेलं, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे, अजून मोजतो आहोत.

आधी मापाबद्दल बोलू. मृतांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि अमुक शहर पहिलं, तमुक शेवटचं, असं ठरवायचं, ही पद्धत मला मान्य नाही. शहरांची वयोरचना वेगळी, चाचण्यांचं प्रमाण वेगळं, मृत्यूंच्या नोंदीची शिस्तही वेगळी. जिथं नोंद चोख तिथं आकडा मोठा दिसतो आणि जिथं नोंदच नाही ते शहर निर्दोष ठरतं. दुसरं असं की महापालिकेच्या हातात सगळं नव्हतं. विमानं थांबवायची की नाही, टाळेबंदी केव्हा लावायची, चाचणी कोणाची करायची, लस कोणाला आधी द्यायची, हे दिल्लीत किंवा मंत्रालयात ठरत होतं. त्याचं श्रेय किंवा दोष महापालिकेच्या पदरात घालणं न्यायाचं नाही.

महापालिकेच्या हातात होती रुग्णालयं, विभाग कार्यालयं, पाणी, शौचालयं, स्मशानभूमी आणि हे सगळं चालवणारी माणसं. मुंबईकडे ही साधनं इतर कोणत्याही भारतीय शहरापेक्षा जास्त होती. केईएम, सायन, नायर, कूपर ही महाविद्यालयांसह चालणारी रुग्णालयं, संसर्गजन्य रोगांसाठीचं कस्तुरबा रुग्णालय, आणि २०२०-२१ साठी ३३ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प. राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांकडे स्वतःचं एक धड रुग्णालय नाही. म्हणून मुंबईची परीक्षा कडक घ्यायला हवी.

मुंबईत पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले आणि पहिला मृत्यू १७ मार्चला झाला. पुढचे अडीच महिने वाईट गेले. चाचणीचा अहवाल प्रयोगशाळेतून थेट रुग्णाच्या हाती यायचा, बहुधा रात्री. घरात कोणीतरी बाधित आहे हे कळल्यावर कुटुंबानं करायचं काय? १९१६ या मदत क्रमांकावर फोन करायचा, तो लागला नाही तर ओळखीच्या डॉक्टरला, ओळखीच्या नगरसेवकाला गाठायचं, नाहीतर रुग्णवाहिकेत बसून एका रुग्णालयाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायचं. शहरात खाट आहे की नाही यापेक्षा आपली ओळख आहे की नाही हा प्रश्न मोठा झाला होता. लक्षणं नसलेली पण वशिला असलेली माणसं खाटा अडवून बसली आणि श्वास लागलेली माणसं दाराबाहेर राहिली. या काळातल्या मृत्यूंचा विचार करताना केवळ विषाणूला दोष देऊन चालणार नाही. रांग कशी लावायची हे प्रशासनाला ठरवता आलं नव्हतं.

याच काळातलं एक परिपत्रक मला महत्त्वाचं वाटतं. ३० मार्च २०२० रोजी आयुक्तांनी आदेश काढला की कोविडनं मृत्यू पावलेल्या सर्वांचं, धर्म कोणताही असो, दहन करावं. त्याला शास्त्रीय आधार नव्हता. विरोध झाला आणि काही तासांत आदेश बदलला गेला. पुरेशी मोठी दफनभूमी असेल तर दफन करता येईल, असं ठरलं. हा आदेश निघायलाच नको होता हे उघड आहे. पण तो टिकला नाही, हेही मी त्याच वहीत लिहून ठेवतो. साथीत अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावे लागतात आणि त्यातले अनेक चुकणारच. म्हणून मी विचारतो की चुकीचा आदेश ज्याच्या अंगावर पडतो त्याचा आवाज आदेश काढणाऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो.

हे माप मी इतिहासातून घेतलं आहे. १८९६ साली महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी ६ ऑक्टोबरला अधिसूचना काढली आणि प्लेगच्या रोग्यांना सक्तीनं रुग्णालयात हलवण्याचा अधिकार घेतला. शहरात भीती पसरली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तिथं त्याचं काहीतरी वाईट करतात, अशी बोलवा होती. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. दुसऱ्याच दिवशी स्नो यांनी आदेश सौम्य केला. घरी रोग्याला नीट वेगळं ठेवता येत असेल तर त्याला बळजबरीनं हलवायचं नाही, असं ठरलं. स्नो यांनी हे दयाबुद्धीनं केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना धास्ती होती ती शहराची सफाई करणारे हलालखोर पळून जाण्याची. ते गेले असते तर मुंबई राहण्याजोगी उरली नसती. म्हणजे ज्यांना शहरानं कायम उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांच्या निघून जाण्याच्या भीतीनं आयुक्तांचा आदेश वाकवला.

आणि पुण्यात काय झालं ते आपण जाणतोच. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि त्यानं सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यातलं प्लेगनिवारण वॉल्टर रँड यांच्या समितीकडे गेलं. आठशेहून अधिक गोरे व देशी सैनिक घरोघर झडतीला लागले. देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, सामान रस्त्यावर आलं. लोक रोगी लपवू लागले, प्रेतं लपवू लागले. तक्रारी आल्या नाहीत असं नाही, अर्ज झाले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. पण ते ऐकून आदेश बदलेल अशी कोणतीही जागा त्या व्यवस्थेत नव्हती. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि त्याच साथीत, त्याच पुण्याच्या परिसरात, सावित्रीबाई फुले आजारी माणसांना आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत सैनिकाची सक्ती आणि सावित्रीबाईंची शुश्रूषा अशा दोन्ही गोष्टी झाल्या. रोग्याला घरातून हलवणं दोन्हीकडे होतं, पण एकीकडे लोक दार लावून घेत होते.

आता २०२०च्या जूनकडे येऊ. मे महिन्यात आयुक्त बदलले, प्रवीण परदेशी यांच्या जागी इक्बालसिंह चहल आले. माझ्या मते त्यानंतरचा सर्वांत मोलाचा निर्णय दिसायला अगदी कारकुनी होता. प्रयोगशाळांनी बाधितांचे अहवाल थेट रुग्णाला न देता आधी महापालिकेला द्यायचे. ती यादी पत्त्याप्रमाणे २४ विभागांत वाटली जायची आणि सकाळी प्रत्येक विभाग कार्यालयातल्या नियंत्रण कक्षाकडे, म्हणजे वॉर रूमकडे, त्या भागातले रुग्ण असायचे. मग विभागाचं पथक रुग्णाच्या घरी फोन करायचं किंवा जायचं, लक्षणं विचारायचं, घरात स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय आहे का हे पाहायचं आणि ठरवायचं की माणूस घरी राहील, विलगीकरण केंद्रात जाईल की त्याला खाट लागेल. खासगी रुग्णालयातली खाटही याच वाटेनं मिळायची. राज्य सरकारनं मे महिन्यातच खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते आणि महापालिकेनं बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले.

या रचनेनं काय साधलं? मध्यरात्री घाबरलेल्या कुटुंबाची वणवण थांबली, आणि खाटेची रांग ओळखीवरून हलून आजाराच्या तीव्रतेवर आली. वशिला पूर्ण संपला असा माझा दावा नाही, पण त्याला वाट काढावी लागू लागली. रांग लावण्याचं काम मुख्यालयातून विभाग कार्यालयाकडे गेलं, जिथल्या माणसाला ती गल्ली, ती चाळ, तो जिना माहीत होता. आधी एक रुग्ण सापडला की अख्खी इमारत बंद व्हायची, नंतर मजल्यापुरता निर्बंध येऊ लागला, हीसुद्धा जवळून पाहणाऱ्याची समज होती. जुलैमध्ये महापालिकेनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चाचणी करायला मुभा दिली. आकडे वाढतील या भीतीनं इतर ठिकाणी चाचण्या आवळल्या जात असताना हा निर्णय धैर्याचा होता.

धारावीबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल. कारण तिथली गोष्ट जगभर सांगितली गेली आणि गोष्ट फार वेळा सांगितली की तिचे कोपरे झिजतात.

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण आढळला आणि त्याच दिवशी दगावला. अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेर साडेआठ लाखांच्या आसपास माणसं, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ जण. बहुतेकांना सामुदायिक शौचालयाशिवाय पर्याय नाही. घरीच राहा, अंतर ठेवा, वारंवार हात धुवा, ही तिन्ही वाक्यं तिथं निरर्थक होती. धारावी ज्यात येते त्या जी उत्तर विभागानं हे लवकर ओळखलं. घरात वेगळं ठेवता येत नाही तर वेगळी जागा आपण द्यायची, म्हणून शाळा, सभागृहं आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतलं. माणूस कामाला जाऊ शकत नाही तर दोन वेळचं जेवण तिथं द्यायचं. शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक करायची. आणि मुख्य म्हणजे वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घ्यायचं. धारावीतला माणूस ताप आला की महापालिकेच्या दवाखान्यात जात नाही, तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो आणि त्याच्यावर विश्वास ठेवतो. त्या डॉक्टरांना संरक्षक पोशाख देऊन ताप तपासणी शिबिरांत उभं केलं, तेव्हा दारं उघडली. १८९७ सालीही मुंबईत असंच झालं होतं. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मंडळींना स्वतःची प्लेग रुग्णालयं उघडायला परवानगी मिळाली, तिथं आपली माणसं शुश्रूषेला दिसली आणि रोगी लपवणं कमी झालं.

धारावीत रुग्णसंख्या दुप्पट व्हायला एप्रिलमध्ये १८ दिवस लागत होते, मे महिन्यात ४३ आणि जूनमध्ये १०८. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचा गौरवानं उल्लेख केला.

हे सगळं खरं असलं, तरी यश कशामुळे आलं हा प्रश्न मूल्यमापन करणाऱ्यानं सोडता कामा नये. जुलै २०२० मध्ये महापालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतल्या तीन विभागांत सेरो सर्वेक्षण केलं. सुमारे सात हजार नमुने घेतले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी होत्या, इमारतींतल्या लोकांत १६ टक्के. धारावी या तीन विभागांत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. पण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत विषाणू किती खोल शिरला होता हे त्या आकड्यांनी सांगितलं. त्यातच दीड लाखाच्या आसपास माणसं धारावी सोडून गावी गेली, असा महापालिकेचाच अंदाज होता. मग धारावीतला आलेख खाली आला तो शोधून वेगळं ठेवण्यामुळे, निम्मी वस्ती आधीच बाधित होऊन गेल्यामुळे, की वस्ती रिकामी झाल्यामुळे? माझं उत्तर असं की तिन्ही कारणं होती आणि त्यांचे वाटे आज कोणालाही नेमके पाडता येणार नाहीत. पण माणसाला खाट मिळणं, जेवण मिळणं, श्वास लागायच्या आधी कोणीतरी त्याची प्राणवायूची पातळी तपासणं, ही धोरणाची कमाई आहे. ती संसर्गाच्या आलेखावर दिसणार नाही, ती मृत्यूंत दिसते. आणि हे सर्वेक्षण स्वतः महापालिकेनं करून प्रसिद्ध केलं, याबद्दल मी तिला पूर्ण गुण देतो. आपली कीर्ती शिखरावर असताना तिच्यावर शंका उपस्थित करणारा आकडा जाहीर करणं सोपं नसतं.

मृत्यूंच्या बाबतीत असंच म्हणता येत नाही. १६ जून २०२० रोजी मुंबईच्या मृतांच्या संख्येत ८६२ मृत्यू एका दिवसात मिळवले गेले. आधी झालेले, पण मोजणीत न आलेले. ही दुरुस्ती झाली हे चांगलं झालं. पण पूर्ण वर्षाचा हिशेब पाहा. मुंबईत २०१९ साली सर्व कारणांनी मिळून सुमारे ९१ हजार मृत्यू नोंदले गेले. २०२० साली सुमारे १ लाख १२ हजार. रेल्वे अपघात थांबले, रस्ते ओस पडले, लाखो लोक शहर सोडून गेले, आणि तरीही वीस हजारांहून अधिक मृत्यू जास्त. त्या वर्षीचे अधिकृत कोविड मृत्यू साधारण ११ हजार. उरलेली माणसं कशानं गेली? काही कोविडनंच, चाचणी न होता. काही डायलिसिस न मिळाल्यानं, काही हृदयविकाराचा झटका आल्यावर रुग्णालयात जायला घाबरल्यानं, काही बंद पडलेल्या बाह्यरुग्ण विभागांमुळे. क्षयरोगाच्या नोंदी त्या वर्षी मुंबईत आणि देशभर घसरल्या. क्षयाचे रोगी कमी झाले नव्हते, ते सापडायचे थांबले होते, आणि मुंबईत औषधांना दाद न देणारा क्षय किती आहे हे इथल्या डॉक्टरांना सांगायला नको. नायर रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवणं एप्रिलमध्ये अपरिहार्य असेल, पण त्याची किंमत दुसऱ्या रोगांच्या माणसांनी दिली. ती विभागवार, महिनावार, कारणवार मोजली गेली पाहिजे. जन्ममृत्यूची नोंद महापालिकेच्याच आरोग्य खात्यात होते. कागद घरातच आहेत.

दुसऱ्या लाटेची परीक्षा वेगळी होती आणि तिथं मुंबई बऱ्याच अंशी उतरली. ४ एप्रिल २०२१ रोजी एका दिवसात ११ हजारांहून अधिक रुग्ण आढळले. पहिल्या लाटेनंतर वांद्रे-कुर्ला संकुल, वरळी, गोरेगाव, मुलुंड, दहिसर इथली मोठी, म्हणजे जंबो, कोविड केंद्रं मोडून टाका, खर्च कशाला, असा दबाव होता. ती ठेवली गेली. रुग्णालयांत सिलिंडरवरचा भार कमी करून द्रवरूप प्राणवायूच्या टाक्या आणि नळाची जोडणी झाली होती. तरीही १७ एप्रिलच्या रात्री सहा रुग्णालयांत प्राणवायू संपत आला आणि १६८ रुग्णांना एका रात्रीत दुसरीकडे हलवावं लागलं. ते हलवता आलं, कारण रिकाम्या खाटा कुठं आहेत हे विभागांना ठाऊक होतं आणि रुग्णवाहिका त्यांच्या हाताशी होत्या. त्याच आठवड्यांत इतर शहरांत प्राणवायूअभावी माणसं खाटेवर तडफडून मेली. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीला सांगितलं की मुंबईनं हे कसं जमवलं ते पाहा. ते कौतुक रास्त होतं.

पण त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपला एका मॉलमध्ये चालणाऱ्या रुग्णालयाला आग लागली आणि रुग्ण दगावले. खाटांची गरज म्हणून तात्पुरत्या परवानग्या दिल्या जातात, आणि तात्पुरत्या परवानगीवर कोणाचीही नजर राहत नाही. घाईत जे सैल सोडलं जातं ते पुन्हा आवळायचं कोणी, हे आदेशातच लिहिलेलं असायला हवं.

या सगळ्या कामाचा भार कोणी उचलला? वॉर रूममधले तरुण डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, स्मशानभूमीतले कामगार, आणि आरोग्य स्वयंसेविका. या शेवटच्या बायकांबद्दल मला तळमळीनं बोलावंसं वाटतं. झोपडपट्टीच्या ज्या बोळात सहायक आयुक्तांची गाडी जात नाही तिथं त्या रोज जात होत्या. कोणाच्या घरी ताप आहे, कोण खोकतंय, कोण गावाहून आलंय, कोणती बाळंतीण आहे, हे त्यांच्या वहीत होतं. वॉर रूमच्या पडद्यावर दिसणारी माहिती बहुतांशी त्यांच्या पायांनी गोळा केलेली होती. आणि त्या महापालिकेच्या कर्मचारी नाहीत. त्यांना वेतन नाही, मानधन मिळतं. महापालिकेनं साथीच्या काळात कामावर हजर राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना रोज ३०० रुपये भत्ता दिला, मृत्यू झाल्यास ५० लाखांची मदत जाहीर केली. पण कंत्राटी आणि मानधनावरच्या माणसाला प्रत्येक हक्कासाठी आधी आपण महापालिकेचे आहोत हे सिद्ध करावं लागतं. १८९६ साली आयुक्तांना सफाई कामगार निघून जाण्याची भीती तरी वाटली. सव्वाशे वर्षांनी त्यांच्याच वस्त्यांतल्या या बायका निघून जाणार नाहीत याची आपल्याला खात्री होती, आणि त्या खात्रीवर आपलं धोरण उभं होतं. जे धोरण अशा कष्टावर यशस्वी होतं, त्यानं त्या कष्टाची रीतसर नोकरी न करणं हा मी अन्याय समजतो.

आता सभागृहाकडे वळतो. मार्च २०२० मध्ये स्थायी समितीनं आयुक्तांना खर्चाचे विशेष अधिकार दिले. त्या क्षणी ते बरोबर होतं. निविदा काढून तीन महिन्यांनी मास्क आणता येत नाहीत. पण अधिकार देताना त्याला मुदत हवी, आढाव्याची तारीख हवी. ती शिस्त पाळली गेली नाही. कित्येक महिने सभागृह भरलंच नाही. खर्च आधी होत राहिला आणि प्रस्ताव नंतर कार्योत्तर मंजुरीला आले, आणि तपशील मिळत नाही ही तक्रार अनेक पक्षांच्या सदस्यांनी केली. २२७ नगरसेवक म्हणजे २२७ वस्त्यांची माहिती. त्यातले कितीतरी जण आपापल्या भागात धान्य वाटत होते, रुग्णवाहिका मिळवून देत होते. पण हे त्यांनी वैयक्तिक हिमतीवर केलं. सभागृह म्हणून त्यांनी प्रश्न विचारायचा, आयुक्तांनी उत्तर द्यायचं, आणि ते इतिवृत्तात नोंदवलं जायचं, ही वाटच बंद होती. दहनाचा आदेश काही तासांत बदलला, कारण त्याविरुद्ध मंत्री बोलले. आरोग्य स्वयंसेविकेसाठी मंत्री बोलत नाही. तिच्यासाठी सभागृहच लागतं.

याचा परिणाम पुढे दिसला. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महापालिकेच्या कामांचं विशेष लेखापरीक्षण केलं, मार्च २०२३ मध्ये ते विधिमंडळात मांडलं गेलं. त्यात कोविडचा साडेतीन हजार कोटींहून अधिक खर्च तपासता आला नाही, कारण महापालिकेनं कागद दिले नाहीत. साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांखालचा खर्च लेखापरीक्षणाच्या कक्षेत येत नाही, अशी तिची भूमिका होती. टाळेबंदीतलं खिचडीचं वाटप, जंबो केंद्रांची कंत्राटं, मृतदेहांच्या पिशव्यांची खरेदी यांबाबत तपास यंत्रणांनी गुन्हे नोंदवले. त्यात कोण दोषी हे न्यायालय ठरवील, मी ठरवणार नाही. पण १८९७ च्या कायद्याचा आधार घेऊन सव्वाशे वर्षांनी हिशेब नाकारला जावा, हे मला अस्वस्थ करतं. त्या कायद्यानं अधिकाऱ्याला न्यायालयीन कारवाईपासून संरक्षणही दिलं होतं. आणि ज्या अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी रात्रंदिवस प्रामाणिकपणे काम केलं, त्यांच्यावरही बंद कागदांची सावली पडते. उघड्या हिशेबानं आधी त्यांचंच संरक्षण झालं असतं.

ज्या परकीय राजवटीला आपण जुलमी म्हणतो आणि योग्यच म्हणतो, तिनं प्लेगचे अहवाल छापले. स्नो यांचा अहवाल १८९७ सालीच आला. नंतर महापालिकेच्या हातून काम काढून घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांचा आला, १८९८ साली त्यांच्यानंतरचे अध्यक्ष कॅम्पबेल यांचा. विभागवार मृत्यू, रुग्णालयवार नोंदी, झालेला खर्च, निघालेले आदेश आणि मागे घेतलेले आदेश हे सगळं त्यांत आहे. मी आज तुम्हाला ३० ऑक्टोबर १८९६ चा निर्णय सांगू शकलो तो या कागदांमुळे. ते लिहिणाऱ्यांनी स्वतःची बाजू सावरली असेलच, तरी त्यांच्याशी भांडायला आपल्या हाती काही आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानुसार विशेष समिती नेमायचा अधिकार सभागृहाला आहे. तो वापरून मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळाचा अहवाल करावा. २४ विभागांतले सर्व कारणांचे मृत्यू महिन्यानुसार द्यावेत. वॉर रूमकडे आलेली मागणी आणि प्रत्यक्ष खाट मिळायला लागलेला वेळ, रुग्णांची नावं काढून टाकून, द्यावा. प्रत्येक आदेश केव्हा निघाला, कोणाच्या तक्रारीवरून केव्हा बदलला हे नोंदवावं. प्रत्येक कंत्राट, त्याचा दर आणि प्रत्यक्ष पुरवठा छापावा. साक्ष घ्यावी ती आयुक्तांची, रुग्णालयांच्या अधिष्ठात्यांची, आणि त्याच टेबलावर आरोग्य स्वयंसेविकांची, धारावीतल्या खासगी डॉक्टरांची, शिवडी-चंदनवाडीच्या स्मशानांत काम केलेल्यांची. वॉर रूममध्ये बसलेले कित्येक तरुण डॉक्टर आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी गेले आहेत, संगणकांतल्या नोंदी पुसल्या जायला वेळ लागत नाही, आणि स्वयंसेविकांच्या वह्या तर त्यांच्या घरीच आहेत. हे काम येत्या वर्षात सुरू व्हायला हवं.